आषाढातले घर: गुहागरच्या एका जुन्या वास्तूतील तीन रात्री

जुने घर दुरुस्त करून पाहुण्यांना राहायला दिले आहे, असे सांगणारी छायाचित्रे हल्ली कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक गावातून येतात आणि ती बहुतेक सगळी डिसेंबरातली असतात. ओटीवर उन्हाचा कवडसा, झोपाळ्याच्या घासून चकचकीत केलेल्या पितळी कड्या, मागे पोफळींची रांग. डिसेंबरात कोकणातले कोणतेही घर देखणे दिसते. कौलारू घराची परीक्षा आषाढात होते, म्हणून गुहागरच्या वरचापाट भागातल्या या घरात राहण्यासाठी मी मुद्दाम जुलैचा दुसरा आठवडा निवडला आणि ७४ वर्षांच्या आईला बरोबर घेतले. हेतू निव्वळ सहलीचा नव्हता. आंजर्ल्याच्या आमच्या घराचे अर्धे छप्पर ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात उडाले, पाऊस तोंडावर असल्यामुळे घाईघाईने निळे पत्रे घातले गेले आणि तेव्हापासून ते पत्रे काढून पुन्हा कौले चढवावीत की नाही, यावर आमच्या घरात वाद चालू आहे. दुसऱ्या कोणी हा प्रश्न कसा सोडवला, ते ओल्या दिवसांत पाहायचे होते.

घराचे नाव इथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि त्या मी मालकांना पत्राने स्वतंत्रपणे कळवल्या आहेत. खोलीचा पावसाळी दर न्याहारीसह दिवसाला ४,८०० रुपये आहे. दिवाळीत आणि मे महिन्यात तो बराच चढतो. आम्ही दापोलीकडून निघून दाभोळ-धोपावे फेरीबोटीने गाडीसह खाडी ओलांडली. चिपळूणहून येणाऱ्यांना सरळ रस्ता आहे.

गुहागरची घरे ज्यांनी पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. गावाचा मुख्य रस्ता किनाऱ्याला समांतर जातो आणि समुद्राकडच्या बाजूच्या घरांच्या जागा रुंदीला कमी पण लांबीला भरपूर आहेत. पुढे अंगण, मग घर, मग विहीर, मग नारळी-पोफळीची वाडी आणि वाडी संपली की सुरूची झाडे व वाळू. त्यामुळे घरात शिरलेला माणूस सरळ चालत राहिला तर समुद्रावरच पोचतो. या घराच्या दुरुस्तीत सर्वांत आधी नजरेत भरते ती हीच सरळ रेषा. पुढचा दरवाजा, माजघराचा दरवाजा आणि मागचे दार एका ओळीत आहेत. ही तिन्ही दारे उघडी टाकली की ओटीवर बसून मागच्या विहिरीचा रहाट दिसतो आणि खारा वारा घरभर फिरतो. मधे सोफा, पडदा किंवा कपाट आणून ही वाट कोठेही अडवलेली नाही.

आता छप्पर, कारण मी मुख्यतः त्याच्यासाठी आले होते.

मंगळुरी कौले हा आपण 'पारंपरिक' समजतो तो प्रकार तसा फार जुना नाही. बासेल मिशन या स्वित्झर्लंडमधल्या ख्रिस्ती मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये. त्याआधी कोकणात कुंभाराच्या हातची नळीची कौले किंवा गवताची शाकारणी असे. या घरावर दोन्ही पिढ्या नांदतात: मुख्य घरावर मंगळुरी आणि मागच्या सोप्यावर अजून नळीची. दुरुस्ती करताना जुनी कौले उतरवून, ब्रशने शेवाळ काढून, तडा गेलेली बाजूला करून जितकी वाचली तितकी पुन्हा चढवली आहेत. नवी कौले रस्त्याच्या बाजूला न लावता मागच्या उतारावर लावली आहेत, त्यामुळे दर्शनी भागाचा काळपट लाल रंग एकसारखा राहिला आहे. हे शहाणपण मला आवडले.

खरे कौशल्य मात्र कौलांच्या खाली आहे. देखभाल करणाऱ्या भाऊंनी मला शिडीवर चढवून माळ्याच्या टोकाशी एक कौल सरकवून दाखवले. झोपण्याच्या खोल्यांवर वाशांच्या वर फळ्या ठोकल्या आहेत, फळ्यांवर पाणी अडवणारा पातळ पडदा आहे आणि पडद्यावर आधी उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या मारून मग त्यांवर आडव्या रीपा मारल्या आहेत. कौले बसतात ती या रीपांवर. या उभ्या पट्ट्यांमुळे कौल आणि पडदा यांच्यामध्ये बोटभर पोकळी राहते. वानराने कौल फोडले किंवा वाऱ्याने पाणी उलटे घुसवले, तर ते पाणी पडद्यावरून या पोकळीतून घसरत थेट पागोळीला येते. आणि पाऊस थांबला की त्याच पोकळीतून वारा खेळतो, म्हणून लाकूड सुकते. पट्ट्या वाचवून रीपा थेट पडद्यावर ठोकल्या असत्या, तर प्रत्येक रीप पाण्यासाठी बांध झाली असती आणि तीन-चार पावसाळ्यांत खालच्या फळ्या कुजल्या असत्या. "हे काम पाहायला गावातले चार सुतार येऊन गेले, ताई," भाऊ म्हणाले, "दोघांनी पुढच्या घराला तसंच केलं."

ओटी आणि पडवी यांवर मात्र असे काही घातलेले नाही. तिथे वासे, रीपा आणि वर थेट कौले. पहिल्या रात्री बारानंतर जी सर आली तिचा आवाज खोलीत लांबून आल्यासारखा ऐकू येत होता, म्हणून मी उठून ओटीवर आले. तिथे तोच पाऊस डोक्यावर होता, पण पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा जो कान बधिर करणारा ताशा आम्ही चार वर्षे ऐकतो आहोत तसा नव्हता. कौल आवाज पिते. अंगणात पागोळ्यांनी खणलेली खाचांची ओळ कंदिलासारख्या दिव्याच्या उजेडात दिसत होती आणि झडीचे बारीक तुषार झोपाळ्यापर्यंत पोचत होते. पडवीला पूर्वी पावसाळ्यात नारळाच्या झावळ्यांची झापे बांधत. इथे त्याऐवजी गुंडाळता येणारे बांबूचे पडदे आहेत. ते दिसायला चांगले आहेत, पण नैर्ऋत्येच्या वाऱ्यापुढे ते सारखे आपटतात. झापांचे वजन त्यांना नाही. हा बदल करणाऱ्याने एक पावसाळा इथे काढला नसावा.

छपरासंबंधी आणखी एक गोष्ट. घरात गॅस आला की जुन्या वाशांना भुंगा लागतो, हे कोकणातल्या प्रत्येक घराने अनुभवले आहे, कारण चुलीचा रोजचा धूर हेच त्या लाकडाचे औषध होते. इथे पाहुण्यांचा स्वयंपाक गॅसवर होतो, तरीही जुन्या स्वयंपाकघरातली चूल बुजवलेली नाही. एक दिवसाआड संध्याकाळी घर सांभाळणाऱ्या काकू तिच्यात नारळाची सोडणे घालून जाळ करतात, माळ्याच्या फळ्यांमधली एक झडप उघडतात आणि अर्धा तास धूर वर जाऊ देतात. अंतर्गत सजावटीच्या कोणत्याही नियतकालिकात हा तपशील येणार नाही. आईने मात्र त्या धुराचा वास घेतला आणि ती चुलीपाशी पाट घेऊन बसली, ती जेवणाची हाक येईपर्यंत उठली नाही.

भिंतींबद्दल माझे मत इतके चांगले नाही. घर जांभ्याच्या चिऱ्यांचे आहे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, पात्याने कापता येतो आणि हवेवर राहिला की कठीण होतो. मलबारात लोक तो विटांसारखा कापून वापरतात हे पाहूनच फ्रान्सिस बुकॅननने १८०७ मध्ये त्याला विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून लॅटेराइट हे नाव दिले. हा दगड सच्छिद्र आहे. तो पाणी पितो आणि सोडतो, म्हणून त्याच्यावर चुन्याचा गिलावा हवा, कारण चुनाही ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंटने ती ओल आत कोंडते. ओटीच्या आणि माजघराच्या भिंतींना इथे चुन्याचा गिलावा आहे, पांढऱ्यात किंचित पिवळसर झाक असलेला, हाताला गार आणि मऊ लागणारा. तीन दिवसांच्या संततधारेतही तो कोरडा होता. मात्र दक्षिणेकडच्या खोलीत, बहुधा काम संपवण्याच्या घाईत, आतून सिमेंटचा गिलावा मारला आहे. जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटले होते आणि त्याखाली लोणा फुलला होता. पलंगाच्या उशाची फळी पुढे ओढून पाहिली तर मागे हिरवट बुरशीचा तळहाताएवढा डाग. आम्ही ती खोली घेतली नाही. मोकळी होती म्हणून दुसरी मिळाली, पण हंगामात मिळेलच असे नाही, तेव्हा खोली ठरवताना दक्षिणेची नको, असे आधी सांगावे.

याच खोलीत वातानुकूलन यंत्र आहे आणि मला वाटते, सगळ्या दुखण्याचे मूळ तेच आहे. यंत्र बसवायचे म्हणून खोली बंदिस्त केली. भिंतीतले वरचे झरोके बुजवले, जुन्या खिडकीचे खालचे लाकडी दार कायमचे पक्के केले. या घरांच्या खिडक्यांना वर-खाली वेगळी दारे असतात ती उगाच नव्हेत. खालचे दार उघडले की जमिनीलगतचा गार वारा आत येतो, वरचे उघडले की गरम हवा निघून जाते. आमच्या खोलीत हे सगळे चालू स्थितीत होते, साधा पंखा होता आणि रात्री चादर घ्यावी लागली.

आता या घरातली सर्वांत चांगली कल्पना. जुन्या घरात न्हाणीघर आणि शौचालय आणायचे म्हणजे भिंती फोडून नळ घालणे आले, आणि जांभ्याच्या भिंतीत एकदा नळ गळू लागला की ते घर गेले. इथल्या वास्तुविशारदाने मुख्य घरात पाण्याचा एकही नळ घेतलेला नाही. माजघराच्या मागे, चार पावलांवर, गुरांचा गोठा होता. त्याचे चार गाळे तसेच ठेवून प्रत्येक गाळ्यात एकेका खोलीचे न्हाणीघर केले आहे. गव्हाणीचा लांब दगड कापून, घासून त्याची हात धुण्याची डोणी केली आहे. दावे बांधायच्या खुंट्या जागेवरच आहेत आणि त्यांवर टॉवेल टांगतात. जमिनीला लाल कोबा आहे, घोटून गुळगुळीत केलेला पण पाय घसरणार नाही इतपत खरखरीत. पाणी गरम करण्यासाठी सौर यंत्र आहे, पण आषाढात त्याचा उपयोग नसतो, म्हणून तांब्याचा बंबही आहे आणि काकू तो पहाटे पाचला पेटवतात. वर एक काचेचे कौल. सकाळी त्या कौलावरून पाण्याचे ओघळ वाहतात आणि त्यांच्या सावल्या लाल कोब्यावर हलत राहतात. कोणी ठरवून केलेली सजावट इतकी चांगली जमत नाही.

घर ते गोठा ही चार पावले छपराखालून जातात, तरी रात्री अडीच वाजता गुडघेदुखीच्या माणसाला ती चार पावले बरीच असतात. शिवाय माजघराचा मागचा उंबरठा वीतभर उंच आहे. दुसऱ्या रात्री आईचा पाय त्याला अडखळला. मी मागेच होते म्हणून निभावले. उंबरठा कापा असे मी म्हणणार नाही, पण त्याच्या दोन्ही अंगांना पायाशी एक मंद दिवा आणि चौकटीला धरायला एक लाकडी दांडी इतके करायला हरकत नव्हती. आरक्षण करताना मी न्हाणीघर खोलीला लागून आहे का, असे स्पष्ट विचारले होते आणि हो असे उत्तर मिळाले होते. ज्येष्ठांना घेऊन येणाऱ्यांना हे खरे सांगायला हवे. यावर मालकांनी माझ्या पत्राला उत्तर देऊन चूक मान्य केली, हेही नोंदवते.

माजघरात आधुनिक हात सर्वांत मोकळेपणाने फिरला आहे. वाडीकडची भिंत तिथे आधीच खचलेली होती, ती पुन्हा न बांधता छतापर्यंत काच लावली आहे. पुस्तकी नियमाने माजघर हा घरातला सर्वांत काळोखा आणि गार भाग. तो उजेडात आणणे म्हणजे घराचा स्वभावच बदलणे होय, असे मला आत शिरताना वाटले. पण काचेपुढे पोफळींची इतकी दाट सावली आहे की आत येणारा उजेड हिरवा आणि थंड असतो, आणि मधोमध ठेवलेल्या फणसाच्या लाकडाच्या लांब मेजावर बसून पाऊस बघत चहा पिण्यासारखे सुख नाही. माझा आक्षेप मी मागे घेतला. पावसात काच आतून धुरकटते आणि काकूंना दिवसातून तीनदा पुसावी लागते, तो त्यांचा आक्षेप कायम आहे.

बाकी वस्तूंविषयी थोडक्यात. बिछाने उत्तम. वाचायला दिवे अपुरे. जुन्या काळची पितळी बटणे लावण्याच्या हौसेत उजेडाचा विचार राहिला. वीज दोन वेळा गेली, इन्व्हर्टर दोन्ही वेळा पुरला. भिंतीतल्या कोनाड्यांत फोन ठेवायची आणि चार्ज करायची सोय केली आहे, ती मला बेहद्द आवडली, कारण कोनाडा पूर्वीही हाताशी लागणारी वस्तू ठेवण्यासाठीच होता, तेव्हा दिवा होता, आता फोन आहे. याच्या उलट अंगणातले उखळ पालथे घालून त्याचे बसायचे आसन केले आहे आणि जात्याच्या वरच्या तळीवर काच ठेवून त्याचे टीपॉय केले आहे. आई त्या उखळावर बसली नाही. काकूंनी तिला खुर्ची आणून दिली आणि हळूच म्हणाल्या, "मी पण नाही बसत हो, आजी." ओटीच्या दारावर लाल, हिरव्या, निळ्या काचांची नवी कमान बसवली आहे. रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यात अशा काचा शोभतात, तो १९१० साली ब्रह्मदेशाच्या बंदिवान राजासाठी बांधलेला राजवाडा आहे. वरच्या पाटातल्या आगराच्या घरावर त्या लग्नातल्या शेल्यासारख्या दिसतात. कोकणचे साधे घर मुळात किती कमी गोष्टींवर उभे असते, हे रत्नागिरीला टिळकांच्या जन्मस्थानी जाऊन पाहावे; तेही असेच जांभ्याचे, उतरत्या छपराचे आहे.

जेवण घरचे आहे आणि तसेच सांगून दिले जाते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे ताजी मासळी मिळणार नाही, हे काकूंनी पोचल्या पोचल्या सांगितले. बर्फातली आणून ताजी म्हणून वाढली नाही. त्याऐवजी टाकळ्याची भाजी, कुळथाचे पिठले, तांदळाची भाकरी, फणसाच्या आठळ्या घातलेली डाळ आणि सकाळी ओल्या नारळाच्या चटणीबरोबर घावन. तिसऱ्या दिवशी आईच्या आग्रहावरून हळदीच्या पानातली पातोळी झाली. जेवणाचे दर वेगळे पडतात आणि रास्त आहेत.

निघताना भाऊंना मी छपराचा खर्च विचारला. त्यांनी आकडा सांगितला नाही, पण सुतार कुठला, पडदा चिपळूणहून कसा आणला आणि उभ्या पट्ट्यांसाठी कोणते लाकूड चालते, हे सगळे एका कागदावर लिहून दिले. परतीच्या वाटेवर आम्ही आंजर्ल्याला थांबलो. २०२० मध्ये वाऱ्याने उडवलेल्या छपराची वाचलेली कौले मांगरात रचून ठेवलेली आहेत. मी ती मोजायला घेतली. चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात, त्या हिशेबाने निम्म्या छपराला पुरतील इतकी निघाली. आई दारातच उभी राहून वर बघत होती.

"कौलं राहू देत गं," ती म्हणाली, "आधी पत्र्याखालच्या वाशांना भुंगा किती लागलाय ते बघ."